पवनीचा कोट दोन हजार वर्षांचा, हे कशावरून?

तुम्ही विचारलंय, की भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचा दरवाजा आणि दगडी तट काही फार जुने वाटत नाहीत, मग कोटाला प्राचीन कशाच्या जोरावर म्हणतात? मी याच तालुक्यातला. दगडी काम नंतरचं, हे तुम्ही बरोबर ओळखलं. पण ते बसलंय मातीच्या भल्यामोठ्या पाळीवर. तीन बाजूंनी ही पाळ, तिच्या बाहेर खंदक आणि चौथ्या बाजूला वैनगंगा. मूळ कोट तो.

मातीच्या पाळीवर कोणी सन कोरून ठेवत नाही. ती आडवी कापूनच पाहावी लागते. खंदक खणताना निघालेली माती रचून पाळ होते, आणि त्या मातीबरोबर तोवरच्या वस्तीची खापरंही आत जातात. म्हणून पाळीत फार जुनं खापर सापडलं की पाळ तेवढीच जुनी, असं होत नाही. शोधायचं ते सगळ्यांत अलीकडचं खापर. पाळ त्याच्या आधीची असूच शकत नाही. मग आतल्या पायथ्याला टेकून साचलेले थर बघायचे. ते पाळ उभी राहिल्यावरचे. नाण्यांवरून, कोळशाच्या कार्बन-14 तपासणीवरून त्यांचं वय कळलं, की पाळ त्याहून आधीची. या दोहोंच्या मध्ये तिचा काळ अडकतो.

1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने इथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी ही त्यातली मुख्य नावं. कोटाबाहेरच्या जगन्नाथ टेकडीत विटांचा स्तूप निघाला. त्याच्या दगडी कठड्यावर ब्राह्मी लेख आहेत. एका नागाच्या शिल्पावर तर त्याचं नावच कोरलंय, मुचरिंद. ब्राह्मी अक्षरांचं वळण शतकाशतकाला बदलत गेलं, त्यामुळे लेखाचा काळही बांधता येतो. त्यातून पाळीचं नाही, तरी इथल्या वस्तीचं वय कळतं. नागपूर जिल्ह्यात, कुही तालुक्यातल्या अडम गावीही असाच मातीचा कोट आणि खंदक आहे. तिथे अस्सक या प्राचीन जनपदाचं, म्हणजे राज्याचं, नाव असलेली मातीची मुद्रा मिळाली.

एक गोष्ट मला फार लागते. आमच्या आज्यानं घराच्या भिंतींसाठी पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची, माती बंडीनं आणली होती. तेव्हा सगळेच आणत. शेकडो वर्षांची राख, शेण, पडलेल्या भिंती, हे सारं मुरून ती माती पांढुरकी होते. म्हणजे ज्या थरांवरून काळ ठरवायचा, तेच आम्ही भिंतींना थापले. त्या मातीत आलेला मडक्याचा एक तुकडा मी जपून ठेवलाय, आतून काळा, बाहेरून तांबडा. पण तो कोणत्या थरातला, त्याच्या शेजारी काय होतं, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

पुन्हा याल तेव्हा दरवाजा पाहून परतू नका. पावसाळा संपल्यावर खंदकाच्या कडेकडेनं चाला. माती ढासळली असेल तिथे एकावर एक रंगांचे पट्टे दिसतील. खापर दिसलं तर आहे तिथेच त्याचा फोटो घ्या, उपसू नका.