गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर कुत्रा पुन्हा लंगडू लागला तर

प्रश्न : आमची लॅब्राडोर कुत्री सहा वर्षांची आहे. मागच्या डाव्या गुडघ्यातील लिगामेंट तुटल्यामुळे सात आठवड्यांपूर्वी तिची टीपीएलओ (नडगीचे हाड कापून, फिरवून प्लेटने पक्के करण्याची) शस्त्रक्रिया झाली. पहिला महिना उत्तम गेला. टाके निघाले, ती पाय टेकवू लागली, पट्ट्याने फिरताना लंगडणेही जवळपास दिसेनासे झाले. पाचव्या आठवड्यात मात्र जखमेच्या खालच्या टोकाशी ओलसर ठिपका दिसला आणि ती पाय उचलून धरू लागली. डॉक्टरांनी दहा दिवसांचे अँटिबायोटिक दिले. तेवढ्यापुरते सगळे थांबले आणि गोळ्या संपल्यावर काही दिवसांतच पुन्हा तोच ओलावा, तेच लंगडणे सुरू झाले. आता प्लेट काढावी लागेल, असे ते म्हणतात. एवढे सोसल्यावर पुन्हा भूल, पुन्हा चिरफाड, या कल्पनेनेच आम्ही सगळे हादरलो आहोत. शस्त्रक्रिया फसली असे समजायचे का? ती केलीच नसती तर बरे झाले असते का?

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तोच मनाला जास्त कुरतडत असणार. शस्त्रक्रियेचा निर्णय योग्य होता. कुत्र्यांमध्ये हे लिगामेंट बहुधा एका उडीने तुटत नाही. त्याचे तंतू कित्येक महिने आतल्या आत कमकुवत होत असतात आणि शेवटचा ताण केवळ निमित्त ठरतो. कुत्र्याच्या नडगीचा वरचा पृष्ठभाग मागच्या बाजूला उतरता असतो. त्यामुळे लिगामेंट गेले की वजन टाकताना प्रत्येक पावलाला नडगी पुढे सरकते, मेनिस्कस ही मधली कूर्चेची गादी चिरडली जाते, आणि मोठ्या चणीच्या कुत्र्यांत निव्वळ विश्रांतीने हे सहसा नीट होत नाही. टीपीएलओमध्ये नडगीचा वरचा भाग गोलाकार कापून फिरवतात, तो उतार साधारण 5 अंशांपर्यंत कमी करतात आणि हाड त्या नव्या स्थितीत प्लेट व स्क्रूंनी पक्के करतात. प्लेटचे खरे काम हाड जुळेपर्यंतचेच असते. हाड जुळले की गुडघ्याचे स्थैर्य त्या बदललेल्या उतारावर अवलंबून राहते, प्लेटवर नाही. म्हणून प्लेट काढावी लागली म्हणजे शस्त्रक्रिया फसली, असा अर्थ होत नाही.

आता त्या ओलसर ठिपक्याकडे वळू. अँटिबायोटिक चालू असताना स्राव थांबणे आणि ते बंद होताच परत येणे, हे चित्र धातूवर बसलेल्या जंतुसंसर्गाशी जुळते. जंतू एकदा प्लेटच्या पृष्ठभागाला चिकटले की आपल्याभोवती एक चिकट आवरण तयार करतात. औषध रक्तातून आजूबाजूच्या मांसपेशींपर्यंत पोचते, पण त्या आवरणाच्या आड बसलेल्या जंतूंचा पुरता नायनाट करू शकत नाही. गोळ्या आहेत तोवर ते दबून राहतात, गोळ्या संपल्या की पुन्हा वाढतात. अशा वेळी त्याच औषधाचा आणखी एक आठवडा, मग आणखी एक, अशी मालिका लांबवणे मला पटत नाही. त्याने आजार मिटत नाही आणि उरलेले जंतू त्या औषधाला सरावण्याचा धोका मात्र वाढतो.

त्यापेक्षा डॉक्टरांना कल्चर (नमुन्यातील जंतू वाढवून ओळखणे) आणि औषध-संवेदनशीलता चाचणीबद्दल (त्यांच्यावर कोणते औषध चालते ते पाहणे) विचारा. नमुना कातडीवरच्या ओलाव्यातून घेतल्यास त्यात कातडीवरचे नेहमीचे जंतूही येतात. म्हणून तो निर्जंतुक सुईने खोलवरून किंवा प्लेट काढताना थेट तिच्याभोवतून घेतलेला बरा. कुत्र्यांच्या कातडीवर स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस हा जंतू एरवीही वावरत असतो आणि अशा संसर्गात बहुतेकदा तोच सापडतो. त्याच्या काही जातींवर नेहमीची अँटिबायोटिके चालतच नाहीत, त्यामुळे अंदाजाने औषध बदलत राहण्यापेक्षा चाचणीचे चार दिवस थांबणे हिताचे. नमुन्याआधी काही दिवस औषध बंद ठेवायचे की नाही, हे मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्या.

पुढचा निर्णय एक्स-रेवर ठरतो. अशा शस्त्रक्रियेनंतर हाड जुळायला साधारण 8 ते 12 आठवडे लागतात आणि तुमची कुत्री त्या उंबरठ्यावर आहे. हाड पुरेसे जुळले असेल तर प्लेट व स्क्रू काढून टाकता येतात. जुळले नसेल आणि प्लेट घट्ट असेल, तर संसर्ग असूनही ती काही आठवडे तशीच ठेवतात, योग्य अँटिबायोटिकने जंतू आटोक्यात ठेवतात आणि हाड जुळल्यावरच ती काढतात. पू येत असताना प्लेट आत ठेवणे मालकांना चमत्कारिक वाटते. पण हलणारे हाड संसर्गाला अधिक पोषक असते आणि अर्धवट जुळलेल्या हाडाचा आधार काढला तर ते मोडू शकते. प्लेट काढण्याची शस्त्रक्रिया पहिल्याइतकी मोठी नसते. हाड पुन्हा कापायचे नसते आणि बहुतेक कुत्री त्यानंतर लवकर पाय टेकवतात. स्क्रूंची छिद्रे भरून येईपर्यंत ते हाड काहीसे नाजूक असते, एवढे लक्षात ठेवून पुढचे काही आठवडे धावणे आणि उड्या बंद ठेवाव्या लागतील.

हे सगळे संसर्ग गृहीत धरून लिहिले, पण पाचव्या आठवड्यातील लंगडण्याचे सारे खापर संसर्गावर फोडण्याआधी गुडघा नीट तपासलाच पाहिजे, कारण दोन कारणे एकत्रही असू शकतात. शस्त्रक्रियेच्या वेळी शाबूत असलेला मेनिस्कस नंतर फाटू शकतो. तेव्हा लंगडणे बहुधा अचानक वाढते, कधी गुडघा वाकवताना ‘कट्’ असा आवाज येतो, आणि साध्या एक्स-रेत मेनिस्कस दिसत नसल्यामुळे एक्स-रे चांगला आला तरी ही शंका मिटत नाही. स्क्रू सैल होणे, नडगीच्या पुढच्या उंचवट्याला तडा जाणे, वाटीखालचा स्नायुबंध सुजून जाड होणे, हीही कारणे डॉक्टरांच्या मनात असतीलच. दुसऱ्या पायाकडेही लक्ष असू द्या. एका गुडघ्याचे लिगामेंट गेलेल्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांना, काही पाहण्यांनुसार जवळपास निम्म्यांना, पुढे दुसऱ्या गुडघ्याचाही हाच त्रास होतो, आणि मग ‘ऑपरेशनचा पाय पुन्हा बिघडला’ असे वाटत असताना खरे दुखणे पलीकडच्या पायात असते.

या सगळ्यात तुमच्या हातात असलेले सर्वांत उपयोगी काम म्हणजे नोंद. शस्त्रक्रियेनंतर लंगडणे कितपत आहे, यापेक्षा ते कोणत्या दिशेने चालले आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. हळूहळू कमी होणारे लंगडणे, मग ते कितीही रेंगाळलेले असो, सहसा वाट पाहण्यासारखे असते, पण कमी होऊन पुन्हा वाढलेले लंगडणे एकदा तपासून घ्यावेच लागते. दर दोन-तीन दिवसांनी एकाच सपाट जागी तिला पट्ट्याने संथ चालवून एकदा बाजूने आणि एकदा मागून छोटे चित्रीकरण करा, कारण दवाखान्यात उत्तेजनेच्या भरात कुत्री दुखणे लपवतात. जखमेचा फोटो रोज एकाच प्रकाशात घ्या. हाताची मागची बाजू आधी चांगल्या गुडघ्यावर, मग ऑपरेशनच्या गुडघ्यावर ठेवून उष्णतेतला फरक पाहा. जखमेपाशी केस चिकटून त्यांची टोके ताठ झाली असतील, तर तुम्ही पाहत नसताना स्राव झाला आहे किंवा तिने ती जागा चाटली आहे. ती बसते कशी, तेही टिपा. गुडघा दुखत असेल तर ती तो पाय पोटाखाली न घेता बाहेरच्या बाजूला टाकून बसते. जखमेवर घरगुती लेप, हळद किंवा माणसांचे मलम लावू नका. स्राव पिळून काढण्याचा मोहही टाळा.

प्लेट काढणे लांबणीवर टाकण्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे असेल तर जरूर घ्या आणि पहिल्या दिवसापासूनचे सर्व एक्स-रे सोबत न्या. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. मात्र तिने पाय पूर्ण लोंबकळत ठेवला, जखम उघडली, अंगात ताप भरला किंवा तिने खाणेपिणे सोडले, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. कुत्र्याचे सामान्य तापमान साधारण 38 ते 39.2 अंश सेल्सिअस असते. शांत पडून असतानाही ते 39.5च्या वर जात असेल तर कळवायलाच हवे.

प्रश्न : आमच्या कुत्र्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन दोन आठवडे झाले. वेदनाशामक गोळ्यांनी त्याला इतके बरे वाटते, की तो सोफ्यावर उडी मारायला पाहतो. कालपासून मात्र तो जेवण टाळतो आहे आणि शौच काळसर झाली आहे. गोळ्या चालू ठेवाव्यात का? आणि त्याला आवरायचे कसे?

उत्तर : हा अंक हाती येण्याची वाट न पाहता तुम्हाला पत्राने कळवले आहेच, पण इतर वाचकांसाठीही लिहिते. काळी, डांबरासारखी शौच, उलटी किंवा अन्नावरची वासना जाणे ही वेदनाशामकामुळे पोटात व्रण होऊन रक्त जात असल्याची लक्षणे असू शकतात. पुढची गोळी देऊ नका आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. कार्प्रोफेन, मेलोक्सिकॅम यांसारखी औषधे योग्य मात्रेत बहुतेक कुत्र्यांना उत्तम सोसतात, परंतु अशी दोन औषधे एकत्र देणे किंवा त्यांच्या जोडीला स्टेरॉइड देणे धोक्याचे आहे. यापूर्वी कोणी त्वचेसाठी स्टेरॉइड दिले असेल, तर ते आठवणीने सांगा. घरातल्या माणसांच्या गोळ्या, म्हणजे आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक, कुत्र्याला कदापि देऊ नयेत. माणसांच्या काही पातळ औषधांत झायलिटॉल हा गोडवा असतो. तो कुत्र्यांची रक्तातील साखर एकाएकी घटवतो आणि यकृतालाही इजा करतो.

आवरण्याचा प्रश्न मला औषधाइतकाच गंभीर वाटतो, कारण शस्त्रक्रियेनंतर बिघडलेले अनेक गुडघे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे कुत्र्याला बरे वाटू लागते तेव्हाच बिघडतात. वेदना थांबते तेव्हा हाड जुळलेले नसते. वेदनाशामक कमी करून कुत्र्याला दुखू द्यावे, म्हणजे तो आपोआप शांत राहील, असा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो क्रूर आहे आणि चुकीचाही, कारण दुखणारा पाय तो वापरत नाही, मांडीचे स्नायू झपाट्याने वाळतात आणि बरे होणे लांबते. त्याऐवजी हालचाल बांधा. लहान खोली किंवा पिंजरा, शौचालाही पट्टा, सोफ्याकडे जाणारी वाट बंद, गुळगुळीत फरशीवर न सरकणारी चटई. तरीही तो आवरत नसेल, तर मन शांत ठेवणारी ट्रॅझोडोन किंवा गाबापेंटिनसारखी औषधे डॉक्टर देऊ शकतात. ती मागण्यात कमीपणा नाही. त्याच्या डोक्याला काम द्या. रोजचे खाणे वाटीत न वाढता सुती कापडाच्या घड्यांमध्ये थोडे थोडे लपवा आणि त्याला बसल्या जागी हुंगून शोधू द्या. वीस मिनिटे वास घेतल्यावर बरीच कुत्री मनसोक्त फिरून आल्यासारखी थकून झोपतात. जखम चाटू नये म्हणून घातलेला गळ्यातला शंकू कातडी भरून येईपर्यंत काढू नका. कीव येऊन तासाभरासाठी काढलेला शंकू टाके उघडायला पुरतो.

प्रश्न : शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी कुत्रीचा गुडघा ठीक दिसतो, पण खाली घोट्यापाशी मऊ सूज आली आहे आणि कातडी जांभळी पडली आहे. संसर्ग असेल का?

उत्तर : बहुधा नाही. शस्त्रक्रियेच्या जागचे रक्त आणि पाणी वजनाने खाली उतरून घोट्याशी साचते. अशी सूज मऊ असते, दाबल्यावर क्षणभर खळगा पडतो, आणि साधारण आठवडाभरात ती ओसरते. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर दिवसातून काही वेळा घोट्याकडून वर मांडीकडे हलक्या हाताने चोळा, आणि गुडघ्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे धरा. पट्टी बांधलेली असेल आणि तिच्याखाली बोटे सुजली किंवा थंड पडली असतील, तर पट्टी घट्ट झाली आहे. ती त्याच दिवशी दवाखान्यात सोडवून घ्या. सूज कडक, गरम आणि हात लावू देणार नाही इतकी दुखरी असेल, किंवा पाचव्या-सहाव्या दिवसानंतर कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर तपासणी करून घ्यावी.