टेकाडावरचा कोट नांगरात गेला, आता काय उरलंय?

प्रश्न: ताई, नमस्कार. मोहोळ तालुक्यात आमची जमीन हाय, त्यात तीन एकराचं टेकाड. त्याला दोन गोल बांध होते, एकाच्या बाहेर दुसरा, आज्जा त्याला जुना कोट म्हणायचा. बैलांचा नांगर होता तवर बांध दिसायचे, मग ट्रॅक्टर आला, आणि पाच वर्षांमागं मीच जेसीबी लावून उगवतीकडचा बांध सपाट केला. आता पुतण्या इंग्लंडला शिकायला गेलाय, त्यानं तिथल्या मेडन कॅसल नावाच्या कोटाचे फोटो पाठवले, बघून काळजात धस्स झालं, आमचंच टेकाड, फक्त मोठं. आमच्यात आता काय उरलंय का? आणि कुणाला सांगितलं तर सरकार जमीन घेईल का?

उत्तर: दादा, तो खरंच कोट असेल तर उरलेलं आहे, आणि ते जमिनीखाली आहे.

असा मातीचा कोट करताना बाहेरून खंदक खणायचे आणि निघालेला माती-मुरूम आतल्या अंगाला टाकून बांध उंच करायचे. म्हणजे बांधात जेवढी माती, शेजारी तेवढाच खड्डा. वर नांगर फिरला की बांध पसरतो, घसरतो आणि त्याच खंदकात जाऊन बसतो, म्हणून बांध दिसेनासा झाला तरी खंदक फक्त बुजतो. पलटी नांगर वीतभर, फार तर दीड वीत जातो, खंदकाचा तळ सहसा त्याच्या बराच खाली असतो आणि खापरं, हाडं, कोळसा असं सगळं तळाच्या गाळातच साठतं. जेसीबीनं बांध गेला याचं वाईट वाटणारच, मलाही वाचताना वाटलं, पण तुम्ही बांध ढकलून खड्ड्यात भरला असेल तर खालचं झाकलं गेलंय.

मेडन कॅसल सत्तेचाळीस एकराचा, आज तिथं मेंढ्या चरतात. तिथं १९३४ ते १९३७ उत्खनन करणारे मॉर्टिमर व्हीलर पुढे १९४४ ला आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झाले. पण सगळ्या कोटांच्या नशिबी असं गवताखाली राहणं आलं नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या कोटांची यादी २०१७ ला प्रसिद्ध झाली, त्यात ४१४७ नोंदी आहेत आणि त्यातले कित्येक जागेवर उभं राहून बघितलं तर नुसतं शेत, काहीच दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टरखाली गवताळ माळ आले आणि बांध झिजत गेले. जुनी स्मारकं जपायचा १९७९ चा कायदा आहे तिकडे, तरी आधीपासून नांगरत आलेल्या जमिनीत तशीच शेती करायला बरीच मोकळीक राहिली. उताराची माती दरवर्षी थोडी खाली वाहते आणि नांगर तेवढ्याच खोलीचा असला तरी नवा थर कापतो, ही झीज डोळ्याला दिसत नाही म्हणूनच मला तिची जास्त भीती वाटते.

मग सपाट झालेले कोट सापडतात कसे, तर पिकावरून. बुजलेल्या खंदकात माती खोल आणि ओल जास्त, तिथलं पीक उंच वाढतं आणि उशिरा पिवळं पडतं, दगडी पायावर उलट, पीक खुरटतं. १९२० च्या दशकात क्रॉफर्ड या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांनी विमानातून फोटो काढून हे शास्त्र पुढे नेलं, आणि २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात तिकडे अशा खुणा ठिकठिकाणी उमटल्या. आपली रब्बी ज्वारी तर जमिनीत साठलेल्या ओलीवरच येते, त्यात टेकाड मुरमाड असेल तर फरक आणखी ठळक. भारी काळ्या रानात एवढं कळत नाही. तुम्हीच आठवून बघा, टेकाडावर गोल पट्ट्यात ताटं हिरवी राहतात का? घरात म्हाताऱ्या बायकांना विचारा, हुरड्याला कणसं खुडणाऱ्यांना हे बरोबर ठाऊक असतं.

आता करायचं काय. शेती थांबवू नका, फक्त खोल जाऊ नका. कुळव, पाळी चालेल, पण जमीन खोलवर फोडणारा सबसॉयलर नको, ऊस नको, कारण उसाला सऱ्या खोल पडतात आणि मागनं पाइपलाइनचा चर येतोच. उरलेला बांध आहे तसा गवताखाली राहू द्या. पांढरी माती असेल तर ती धाब्यावर घालायला किंवा रानात टाकायला कुणाला नेऊ देऊ नका, काळी-पांढरी हा आपला जुना भेद उगाच नाही, पांढर म्हणजे वस्तीची जागा. आणि स्वतः खणून बघायचा मोह आवरा, खापर कुठल्या थरात होतं हे गेलं की नुसतं खापर राहतं. वर पडलेलं दिसलं तर जागेवरच फोटो काढा, मोबाइलचं लोकेशन चालू ठेवून.

जमिनीचं म्हणाल तर नुसतं कळवल्यानं कोण जमीन काढून घेत नाही. संरक्षित स्मारक करायचं तर आधी अधिसूचना निघते, हरकतीला दोन महिने असतात, आणि संरक्षित झालं म्हणजे मालकी गेली असंही नाही. पण हे लपवणार नाही, केंद्राचं संरक्षण आलं तर शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी असते, आणि त्यापुढच्या दोनशे मीटरात परवानगी लागते. नाणी वगैरे सापडली तर मात्र गुप्तधनाच्या १८७८ च्या कायद्यानं कलेक्टरला कळवावंच लागतं, ते पुढ्यात ठेवून गप्प बसू नका.

सोलापूर विद्यापीठात पुरातत्त्वाचा विभाग आहे, पुण्यात डेक्कन कॉलेज आहे. घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनंच १९६८ पासून बरीच वर्षं खणलं, तिथं तीन हजार वर्षांपूर्वीचा दगडमातीचा बांध आणि पाण्याचा चर निघाला. या दोन्हींपैकी कुणालाही सातबाऱ्याचा गट नंबर, फोटो आणि आज्जा काय म्हणायचे ते लिहून पाठवा, जेसीबीचंही लिहा, कुठं किती माती ढकलली ते तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही. ज्वारी पोटरीत आली की सकाळी उन्हं तिरकी असताना टेकाडाचे फोटो घ्या, गावात फवारणीचा ड्रोनवाला असेल तर त्याला विचारा वरून फोटो निघतात का, आणि एक प्रत मलाही धाडा.