आयर्लंडच्या इकोव्हिलेजमध्ये यायचं म्हणतोस, तर…

तुझा प्रश्न परवा रात्री वाचला आणि झोप उडाली. सांगलीत २०१९ आणि २०२१ असे दोन पूर घरात घेतलेस, आता कंपनी आयर्लंडला पाठवतेय, तर शहरात न राहता टिपरेरीतल्या क्लॉकजॉर्डनच्या इकोव्हिलेजमध्ये, म्हणजे पर्यावरण जपायचं म्हणून लोकांनी मिळून वसवलेल्या गावात, बिऱ्हाड करावं का? पोरं तिथं सुखरूप राहतील का, आणि 'माणसं धरून राहतात का, ताई?' मी तिथं २०१७ पासून पाच वर्षं भाड्याने राहिले. माहेर कुरुंदवाडचं, म्हणजे तुझ्याच पाण्यातली. वयाने लहान दिसतोस म्हणून अरेतुरे करते.

व्हिसा, परमिट, पगाराची अट हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते वाच. त्यात नसलेलं सांगते. आल्या आल्या बँकेत खातं उघडायला पत्त्याचा पुरावा लागतो, विजेचं नाहीतर गॅसचं बिल. वीज घरमालकांच्या नावावर. गॅस तर गावातच नाही. लाकडाच्या चिपांवर चालणारे दोन मोठे बॉयलर आहेत, त्यांचं गरम पाणी जमिनीखालच्या पाइपांतून घरोघर फिरतं. त्या गरम पाण्याचं बिल मात्र माझ्या नावावर यायचं. ते घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलीने कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, असली कंपनी आमच्या यादीत नाही. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्यांदा गेले तेव्हा तीच मुलगी रजेवर होती, आणि तोच कागद दुसऱ्याने मुकाट घेतला. याला नियम म्हणायचं का नशीब, ते तूच ठरव.

गाडीचंही तसंच. आपलं लायसन्स इथं बदलून मिळत नाही, पहिल्यापासून परीक्षा. गावाला रेल्वे स्टेशन आहे हे वाचून तू खूश झाला असशील. लिमरिक ते बॅलीब्रॉफी मार्गावर आमच्या वेळी दिवसाला मोजून दोन गाड्या होत्या. नवऱ्याची नोकरी लिमरिकला. पर्यावरणाच्या गावात येऊन आम्ही पहिलं काम काय केलं, तर जुनी डिझेल गाडी घेतली.

गाव मात्र खरंच बघण्यासारखं आहे. जुन्या बाजारपेठेच्या मागे ६७ एकर जमीन. घरं, झाडी आणि शेती अशी वाटणी. १९९९ मध्ये काही माणसं एकत्र आली, २००९ च्या सुमाराला पहिली घरं उभी राहिली. १३० घरं व्हायची होती. २००८ च्या मंदीने मोडता घातला आणि पन्नास-पंचावन्नवर गाडी थांबली, म्हणून भाड्याने घर मिळणं कठीण. काही भिंती भांगेच्या काड्या आणि चुना कालवून केलेल्या. (वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यातही भांग सापडली आहे म्हणे, हे मला तिथल्या एका सुताराने सांगितलं. औरंगाबादला सहल गेली होती तेव्हा आमच्या बाईंनी नव्हतं सांगितलं.) थंडीत बाहेर शून्य असलं तरी घरात स्वेटर लागत नाही. आणि शेत सगळ्यांचं. महिन्याची वर्गणी भरायची, ठरलेल्या दिवशी शेडमध्ये ठेवलेल्या क्रेटमधून भाजी न्यायची. काटा नाही, गल्ला नाही, वही नाही. लागेल तेवढं न्यायचं. पहिल्या आठवड्यात मी चारच गाजरं उचलली, कोणी बघेल म्हणून.

हवामानाचं विचारलंस. इथंही सुटका नाही. मार्च २०१८ मध्ये एवढा बर्फ पडला की देशभर दुकानांतला ब्रेड संपला, लोक अजून त्यावर विनोद करतात. त्याच वर्षी जुलैत पाऊस नाही म्हणून बागेला नळीने पाणी घालायला बंदी. आयर्लंडमध्ये! मी हसले होते. आमच्या दुष्काळी आटपाडीच्या मावशीला फोन करून सांगितलं, तीही हसली.

आता शाळा. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिते. इथल्या बहुतेक प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या छत्राखाली चालतात. धर्माच्या तासाला न बसायचा हक्क मुलाला आहे, कागदावर पक्का आहे. पण त्या तासाला मुलाने जायचं कुठे, याचं उत्तर कागदात नाही. लेक सात वर्षांची, दुसरीत गेली. त्या वर्षी वर्गातल्या मुलांची पहिल्या कम्युनियनची, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घ्यायच्या विधीची, तयारी चालते: महिनोन्‌महिने गाणी, प्रार्थना, चर्चमध्ये तालीम. ही मागच्या बाकावर रंगवत बसायची. गाणी मात्र सगळी पाठ. मे महिन्यात वर्गातल्या मुली पांढरे झगे घालून गेल्या आणि ही घरी खिडकीत बसून तीच गाणी गुणगुणत होती. मी तिला पांढरा फ्रॉक आणला. का आणला ते मलाही सांगता येणार नाही, पण तिने तो एकदाही घातला नाही. शाळेचे लोक वाईट नव्हते रे, बाई तर फार प्रेमळ. कोणावर ओरडावं हेच कळेना, म्हणून अजून सलतं. लेक आता पंधराची आहे, म्हणते, 'मम्मी, सोड ना आता.'

त्याच लेकीने मला आयरिशमधला शब्द शिकवला, मेहल. म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाचं काम उरकायचं, मग दुसऱ्याचं. मी म्हटलं, अगं, ही तर सावड! आमचे अण्णा भुईमूग काढायला सावडीने जायचे. क्लॉकजॉर्डनला मेहल अजून बोलावतात, तण काढायला, झाडं लावायला. हजारो झाडं लावली आहेत तिथं. तुझ्या 'धरून राहतात का' याचं उत्तर तेच आहे. बॉयलर नाही, भांगेची भिंत नाही. शनिवारी सकाळी चिखलात कोण उभं राहतं, त्यावर सगळं चालतं. सावड फेडावी लागते, हे तुला सांगायला नको.

मी फेडली नाही. पहिले सहा महिने मेहलला गेले. मग पाठ धरली, मग लेकीचा क्लास, मग पाहुणे. मीटिंगांना तर लवकरच कंटाळले. मतदान करून मोकळं व्हायची सवय मला, आणि तिथं सगळ्यांचं पटेपर्यंत बोलत राहायचं. कोणी एका शब्दाने बोललं नाही. भाजीचे क्रेट होते तसेच माझ्यासाठी उघडे.

ऑगस्ट २०१९. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ५७ फुटांच्या वर पाणी होतं, तुला काय सांगू. मी त्या शेडमध्ये बीटचा क्रेट समोर घेऊन उभी आणि हातात फोन, अण्णांना पाठवलेल्या मेसेजला एकच टिक. दोन दिवस एकच टिक. शेजारची बाई आली, तिने विचारलं, सगळं ठीक? इथं त्याचं एकच उत्तर असतं, 'ग्रँड'. मी म्हटलं, ग्रँड. आणि बीट घेऊन घरी आले. एकटेपणाचं याहून जास्त मला लिहिता येत नाही. त्या बाईला सांगितलं असतं तर ती रात्रभर माझ्याजवळ बसली असती, हे मला तेव्हाही माहीत होतं.

अण्णा-आईला बाहेर काढलं ते पाटलांच्या थोरल्याने, गुळाच्या काहिलीत बसवून. बांधावरून आमचं-त्यांचं पंधरा वर्षं बोलणं नव्हतं. त्यांच्या माडीवर अकरा माणसं आणि दोन शेळ्या पाच दिवस. पाणी उतरल्यावर बांधाची केस परत सुरू झाली, ती अजून चालू आहे.

२०२२ मध्ये घरमालकांना घर हवं होतं, आम्ही पंधरा मैलांवर नवीन कॉलनीत घर घेतलं. सगळं विजेवर, चूल नाही, धुराडं नाही. २४ जानेवारी २०२५ ला एओविन वादळ आलं. गॉलवेच्या किनाऱ्यावर ताशी १८० किलोमीटरच्या वर वाऱ्याचे झोत, देशभरात ७,६८,००० जोडण्यांची वीज गेली. आमची तीन दिवस नव्हती. पहिल्या दिवशी कॉलनीत एकाही घराचं दार वाजलं नाही, मीही कोणाचं वाजवलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दारात गाडी थांबली. तीच, बीटवाली. वाटेत पडलेली झाडं चुकवत आली होती. म्हणाली, आमच्याकडे शेगडी पेटलेली आहे, मुलीला घेऊन चला. दोन रात्री राहिलो. मी एवढी भांडी घासली, एवढी घासली, की तिने शेवटी हातातला घासणा काढून घेतला.

तर लगेच घर शोधू नकोस. आधी दोन आठवडे ये, शेतावर काम कर, बायकोलाही आण. फेब्रुवारीत ये, जूनमध्ये सगळेच प्रेमात पडतात. गमबूट इथं घे, तिकडचे टिकत नाहीत. शाळेचं पहिल्याच दिवशी तोंडावर विचार, मी विचारलं नव्हतं. आई-वडिलांचं काय ठरवलंस, ते तू प्रश्नात लिहिलेलं नाहीस.

सांगलीत नक्की कुठं राहतोस? २०२१ ला तुमच्या गल्लीत पाणी कुठवर आलं होतं? जुलै लागला की मी इथं रोज सकाळी चहाच्या आधी आयर्विनची पातळी बघते. आज अजून बघितली नाही.