मसजिद बंदरात मशीद कुठली?

प्रश्न : गेली अकरा वर्षं हार्बर लाइननं येते-जाते. मस्जिद स्टेशनाच्या आसपास बंदर तर नाहीच, पण स्टेशनाला नाव मिळावं अशी मशीद कुठली, हे तिथल्या दुकानदारांनाही धड सांगता येत नाही.
– एक वाचक, चेंबूर

दुकानदारांना दोष देऊ नका. ती मशीद मुसलमानांची नाहीच, ज्यूंची आहे. आपल्या कोकणातले बेने इस्राएल घरीदारी मराठी बोलणारे. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना नाव ठेवलं शनिवार तेली. आपल्या प्रार्थनामंदिराला ते मशीदच म्हणत. सामाजी हसाजी दिवेकर हे त्यांच्यातले एक. इंग्रजी कागदांत ते सॅम्युएल इझिकेल होतात. कंपनीच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेत पडले, सुटून आले आणि 1796 साली त्यांनी मुंबईतलं हे पहिलं सिनेगॉग बांधलं. 1860 मध्ये ते आताच्या जागी आलं. शेजारची सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्याच नावाची. हातगाड्यांतून अंग चोरून तिथं चालताना वरच्या पाटीकडे कोण बघतो म्हणा!

आता बंदर. ते होतं आणि खरंच होतं. पी. डिमेलो रस्त्याची आजची पट्टी भराव घालून समुद्रातून काढलेली आहे. त्याआधी मचवे, पडाव, गलबतं थेट वस्तीला लागत. चिंचबंदर, दाणाबंदर, कर्नाक बंदर, बोरीबंदर ही नावं उच्चारत उत्तरेकडून दक्षिणेकडे या, जुना किनारा तोंडपाठ होतो. मांडवी म्हणजे तर सरळ जकातीची जागा. 1873 साली पोर्ट ट्रस्ट आला, मग 1880 ला प्रिन्सेस डॉक, 1888 ला व्हिक्टोरिया डॉक. मोठी जहाजं भिंतीआड गेली आणि बंदरांच्या उरल्या पाट्या.

आमचे आप्पा व्हिक्टोरिया डॉकमध्ये टॅली क्लार्क होते. क्रेनच्या झोळीतून गोण्या उतरायच्या, आप्पा चार उभ्या रेघा मारून पाचवी आडवी मारायचे. घरी दुधाचा हिशेबही कॅलेंडरवर तसाच. आम्ही राहायचो मांडवीत, गोदीपासून हाकेच्या अंतरावर, पण गॅलरीतून समुद्राचा थेंब दिसत नसे. दिसायची गोदामांची पत्र्याची छपरं. 14 एप्रिल 1944 ला गोदीत दारूगोळ्याचं जहाज फुटलं, तेव्हा आजीच्या घराची तावदानं गेली. ‘समुद्र दिसत नाही म्हणून तो लांब आहे असं समजू नये,’ असं ती त्यावर म्हणायची.

प्रश्न : चर्चगेटला चर्चही नाही, गेटही नाही. मग नाव कशाचं? आणि फोर्टचा फोर्ट गेला कुठे?
– एक वाचक, विरार

चर्च आहे, गेट होतं; फक्त दोन्ही स्टेशनापासून लांब. स्टेशनातून सरळ पूर्वेला चालत सुटा. फ्लोरा फाउंटन (1864) आहे तिथं कोटाचा पश्चिम दरवाजा होता. आणखी पुढे हॉर्निमन सर्कलला लागून सेंट थॉमस, 1718 मध्ये प्रार्थनेसाठी उघडलेलं. त्या चर्चकडे नेणारा तो चर्चगेट. उत्तरेला बाजारगेट, दक्षिणेला अपोलो गेट. आतही रेघ आखलेली : दक्षिणेला इंग्रज, उत्तरेला पारशी, गुजराती आणि बाकीचा व्यापार. 1803 च्या फेब्रुवारीत उत्तरेकडची दाट वस्ती जळाली. ज्यांची घरं गेली त्यातल्या बऱ्याच जणांना कोटाबाहेर बसवलं. भिंतीपुढचं मैदान मात्र हट्टानं मोकळं ठेवलं. सौंदर्यासाठी नव्हे, तोफांच्या माऱ्याआड घरं येऊ नयेत म्हणून! ओव्हल, क्रॉस आणि आझाद मैदानावर रविवारी जे क्रिकेट चालतं, ते या तोफांच्या कृपेनं.

भिंती पाडल्या गव्हर्नर बार्टल फ्रिअरनी, 1862 नंतर. त्याच सुमाराला अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस अडला, मुंबईचा सोन्याच्या भावानं गेला. प्रेमचंद रायचंदांनी विद्यापीठाच्या मनोऱ्याला पैसे दिले, आईचं नाव लावलं. 1865 मध्ये युद्ध संपलं, बाजार कोसळला, प्रेमचंदही बुडाले. राजाबाई टॉवर पुरा झाला 1878 मध्ये. कोटाचा तुकडा बघायचाच असेल तर सेंट जॉर्ज हॉस्पिटलपाशी फोर्ट जॉर्जचा आहे. काळ्या दगडाची जाडजूड भिंत. मी गेले तेव्हा तिच्या सावलीत एक चहावाला स्टोव्ह पेटवत होता. भिंत कसली, विचारलं, तर म्हणाला, ‘हॉस्पिटलची.’

प्रश्न : बॅलार्ड इस्टेटचे रस्ते मुंबईत न शोभणारे इतके सरळ कसे?
– एक वाचक, ठाणे

कारण खाली जुनं गाव नाही. अलेक्झांड्रा डॉक (1914, आताची इंदिरा गोदी) खणताना निघालेला माल टाकून ही जमीन केली. नाव पोर्ट ट्रस्टच्या कर्नल बॅलार्ड यांचं. इमारतींचा साचा वास्तुकार जॉर्ज विटेटनी बांधून दिला, म्हणून त्या एका घरातल्या भावंडांसारख्या दिसतात. रविवारी सकाळी जा. गाड्या नसतात, आणि फूटपाथवर बसून चित्रं काढणारी कॉलेजची मुलं तेवढी भेटतात.