रात्रभर गल्लीत गाडी: नियम काय, आणि घरासमोरचा रस्ता कोणाचा?

भाऊ, तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. लातूरच्या जुन्या वस्तीत घरात जागा नाही म्हणून कार रात्री गल्लीत लावता, ती पोलीस उचलतील का? आणि समोरच्या काकांनी भिंतीवर ‘नो पार्किंग’ रंगवून रस्त्यावर कुंड्या मांडल्यात, ते चालतं का?

आधी कुंड्यांचं. रस्ता सार्वजनिक असेल तर घरासमोरची जागा घरमालकाची होत नाही. नो पार्किंग ठरवणं सरकारी यंत्रणेचं काम. घरच्या रंगाने लिहिलेल्या पाटीला कायद्याचा आधार नाही आणि रस्त्यावरच्या कुंड्या महापालिका उचलू शकते. पण काकांचं फाटक अडवायचं नाही, तिथे पाटी असो वा नसो. 2017 च्या वाहनचालन नियमांत फाटकासमोर, फुटपाथवर, बसथांब्याजवळ, चौकापासून 50 मीटरच्या आत आणि उभ्या गाडीला लागून दुसरी रांग करून गाडी लावायला मनाई आहे. फाटकाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट जास्तीचे सोडा, नाहीतर आतली गाडी वळत नाही आणि रोजचं भांडण होतं.

आता रात्रीचं. रात्री गाडी लावायला सरसकट बंदी नाही, तसा हक्कही नाही. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 127 नीट समजून घ्या: सार्वजनिक जागी गाडी 10 तास किंवा जास्त बेवारस किंवा जवळ कोणी नसताना उभी राहिली, तर गणवेशातला पोलीस अधिकारी ती उचलायला किंवा जॅमर लावायला सांगू शकतो. रात्री नऊला लावून सकाळी आठला काढली की 11 तास झाले. रहदारीला धोका असेल तर 10 तासही थांबायची गरज नाही. टोइंगचा खर्च मालकाचा, कलम 177 चा दंड वेगळा: पहिल्यांदा 500, पुढे 1500 रुपये.

खरी अडचण रुंदीची आहे. टेप घेऊन गल्ली मोजा. आरशांसकट कार सहा फूट, गटारापासून एक फूट अंतर, म्हणजे सात फूट गेले. 20 फुटी गल्लीत 13 उरतात, चालेल. समोरच्यानेही लावली की सहाच उरतात. त्यातून रुग्णवाहिका जात नाही, मग आठ फुटी बंब कुठला जाणार? 15 फुटी गल्लीत तर एका कारनेच बंबाची वाट बंद होते, तिथे लावूच नका. आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे टँकर येतो, तोही याच मापाचा. तो अडला की पूर्ण गल्ली पाण्यावाचून राहते, हे लक्षात असू द्या.

सम-विषम तारखेचं पार्किंग असलेल्या रस्त्यावर बारानंतर तारीख बदलते, म्हणून बोर्डावरची वेळ वाचूनच बाजू निवडा. आठवडी बाजाराच्या आदल्या रात्री बाजाररस्त्यावर गाडी ठेवू नका, पहाटेच पालं लागतात. पावसाळ्यात डांबराच्या कडेच्या काळ्या मातीत चाक उतरवू नका, रात्रभरात रुततं. गटारावरच्या फरशीवरही नको, ती वजनाने तुटते. उतारावर हँडब्रेक ओढून गिअरमध्ये ठेवा.

सकाळी गाडी जागेवर नसेल तर चोरीची तक्रार द्यायच्या आधी वाहतूक शाखेत विचारा आणि गाडीच्या नंबरवर ई-चलान आलंय का बघा. रोज रात्री लावल्यावर दोन फोटो काढा, एकात फाटक आणि दुसऱ्यात उरलेली वाट दिसली पाहिजे.