सायकलवर असताना उभ्या गाडीचं दार आदळलं, विमा कंपनी लगेच पैसे देतेय. सही करावी का?

तुम्ही लिहिलंय की मनगट सुजलंय, एक्स-रे साफ आला आणि चौथ्याच दिवशी विमा कंपनीच्या माणसाने फोन करून सांगितलं, "कागदावर सही करा, या आठवड्यात रक्कम खात्यात." वर हेही ऐकवलं की तुम्ही गाडीच्या फार जवळून जात होता, म्हणून यापेक्षा जास्त मिळणार नाही.

सही करू नका. निदान आत्ता तरी नाही.

मी वकील नाही, पण याच वाटेने गेलोय. उभ्या गाड्यांच्या रांगेकडेने चाललो होतो. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, हँडलचं टोक दाराच्या कडेत अडकलं, पुढचं चाक गर्रकन वळलं आणि मी रस्त्याच्या मधोमध तळहातावर पडलो. मागून काही येत नव्हतं म्हणून वाचलो. उठल्यावर तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते, "ठीक आहे, काही झालं नाही." नंतर कंपनीच्या पत्रात ते वाक्य जसंच्या तसं आलं, माझ्याविरुद्ध. अपघातानंतरचा पहिला तास अंग बधिर असतं, दुखणं कळतच नाही. तुम्हीही तेव्हा असं काही बोलला असाल तर घाबरू नका. डॉक्टरांच्या नोंदी त्यापेक्षा वजनदार ठरतात.

तुमच्या मनगटाबद्दल आधी बोलतो, कारण भरपाईचा प्रश्न तिथेच अडकलाय. अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी मनगटाच्या कडेला एक खळगा पडतो. तिथे दाबल्यावर दुखतं का? दुखत असेल तर साफ एक्स-रेवर विसंबून राहू नका. तिथे स्कॅफॉइड नावाचं होडीसारखं छोटं हाड असतं आणि तळहातावर पडणाऱ्यांचं बऱ्याचदा तेच मोडतं. त्याचं बारीक फ्रॅक्चर पहिल्या दिवसाच्या एक्स-रेत दिसेलच असं नाही. म्हणून शंका असली की डॉक्टर मनगट आधार देऊन बांधून ठेवतात आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात, किंवा एमआरआय करतात. या हाडाला बरंचसं रक्त बोटांकडच्या टोकाने येतं, त्यामुळे मोडलं तर कोपराकडचा तुकडा कधीकधी जुळतच नाही आणि मग शस्त्रक्रिया करावी लागते. माझं फ्रॅक्चर तेराव्या दिवशी दिसलं. चौथ्या दिवशी सही केली असती तर पुढचा सगळा खर्च माझ्या खिशातून गेला असता.

कारण त्या कागदावर बहुतेक वेळा "पूर्ण व अंतिम" असे शब्द असतात. त्यांचा अर्थ असा की या अपघाताबद्दल पुढे काहीही निघालं तरी तुमची मागणी संपली. नंतर हात आखडला, नोकरीत अडचण आली, तरी तो दावा पुन्हा उघडून घेणं फार कठीण. दुखापत किती मोठी आहे हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत तिची किंमत कोणालाच ठरवता येत नाही, विमा कंपनीलाही नाही. घाई कंपनीची आहे, तुमची नाही. फोनवर एवढंच सांगा की उपचार सुरू आहेत आणि जे काही बोलायचं ते लेखी पाठवा. रेकॉर्ड होणाऱ्या फोनवर अपघाताची हकिगत सांगायला तर बसूच नका.

आता "फार जवळून जात होता" याबद्दल. हे वाक्य मलाही ऐकवलं होतं आणि तेव्हा मला खरंच अपराधी वाटलं होतं. वाटायला नको होतं. दार उघडण्याआधी मागे बघणं ही उघडणाऱ्याची जबाबदारी आहे. १९६८ च्या व्हिएन्ना येथील रस्ते वाहतूक कराराचं २४ वं कलम याच विषयावर आहे: इतरांना धोका होणार नाही याची खात्री केल्याशिवाय दार उघडायचं नाही, उघडं ठेवायचं नाही, उतरायचंही नाही. ब्रिटनमध्ये १९८६ च्या नियमांनुसार कोणाला इजा किंवा धोका होईल असं दार उघडणं हा गुन्हा आहे, आणि दुसऱ्याला तसं उघडू देणं हाही. जर्मनीत उतरता-चढताना अशी टक्कर झाली की प्रथमदर्शनी चूक दाराकडच्या माणसाचीच धरली जाते.

तरी सायकलस्वाराचाही थोडा हलगर्जीपणा होता असं ठरलं, तर बऱ्याच देशांत भरपाईतून तेवढा हिस्सा कापतात. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये सायकलस्वारांना उभ्या गाड्यांपासून दाराच्या रुंदीइतकं किंवा १ मीटर अंतर ठेवायला सांगितलंय. कंपन्या याच बाजूने वाद घालतात. पण बाजूने भरधाव गाड्या जात असतील तर १ मीटर सरकायचं कुठे? तो रस्ता किती अरुंद आहे ते मोजा, फोटो काढा. आणि "ब्रेक का नाही मारला" असं विचारलं तर हिशेब मांडा: ताशी २० किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला साडेपाच मीटर जाते. दार ३ मीटरवर असताना उघडलं तर हाती उरतो साधारण अर्धा सेकंद. एवढ्यात बोटं ब्रेकपर्यंतही पोचत नाहीत. माझ्या भरपाईतून कंपनीवाले आधी निम्मी रक्कम कापणार होते. एका दुकानदाराने दार कसं उघडलं ते पाहिलं होतं. त्याचं लेखी निवेदन आणि हा हिशेब पाठवल्यावर तो मुद्दा त्यांनी सोडून दिला.

म्हणून पुरावे आजच गोळा करा. आसपासच्या कॅमेऱ्यांचं चित्रण काही दिवसांतच पुसलं जातं, तेव्हा ते आधी मागा, लेखी मागा. साक्षीदार कोणी असेल तर त्याचा नंबर घ्या. दाराच्या कडेवरचा ओरखडा आणि तुमच्या हँडलच्या टोकाची उंची जुळते का पाहा, दोन्हींचे फोटो ठेवा. सायकल दुरुस्त करू नका, फाटके कपडे धुवू नका, हेल्मेटला तडा गेला असेल तर तेही जपून ठेवा. पोलिसांत नोंद केली नसेल तर करा. उशीर झालाय असं वाटलं तरी करा.

दार प्रवाशाने उघडलं की चालकाने, हे तुम्ही लिहिलेलं नाही. प्रवाशाने उघडलं असेल तर कधीकधी चालक आणि प्रवासी एकमेकांकडे बोट दाखवतात. दाव्यात दोघांची नावं घाला आणि गाडीच्या विमा कंपनीला कळवा.

मुदतीकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण थांबा म्हणजे विसरा नव्हे. इंग्लंडमध्ये शारीरिक इजेच्या दाव्याला साधारणपणे ३ वर्षं मिळतात. भारतात २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये ६ महिन्यांची मुदत घातली, ती एप्रिल २०२२ पासून लागू झाली. फरक केवढा आहे बघा. तुमच्या ठिकाणची मुदत याच आठवड्यात वकिलाकडून माहीत करून घ्या, आणि त्यांची फी कशी ठरते तेही पहिल्याच भेटीत विचारा.

मागायचं काय, तर बुडालेला पगार, औषधं, फिजिओथेरपी, दवाखान्याच्या फेऱ्या, सायकल. आणि जी कामं तुम्हाला करता येत नाहीत म्हणून दुसऱ्याला पैसे देऊन करून घेता, तीही. वेदनेचीही भरपाई असते. ती सिद्ध करायला एक साधी वही लागते. मी रोज रात्री दोन ओळी लिहायचो: आज बरणीचं झाकण उघडलं नाही, आज शर्टाचं बटण लावायला बायकोला बोलावलं. अकरा महिन्यांनी तडजोडीला बसलो तेव्हा वकिलाने तीच वही सगळ्यात आधी टेबलावर ठेवली.

तुमची वही आज रात्री सुरू करा, अपघाताच्या दिवसापासून आठवेल तेवढं लिहून काढा. आणि डॉक्टरांकडे दुसऱ्या एक्स-रेची तारीख मागून घ्या. त्यात काय निघालं ते कळवा, मी वाट बघतोय.