डिसेंबरमध्ये छत्रपती संभाजीनगरला परिषद आहे. दीड दिवस मोकळा मिळतोय, परदेशी पाहुण्यांना कुठे न्यावं?

तुम्ही लिहिलंय की परिषद शुक्रवारी जेवणानंतर संपते, शनिवार पूर्ण मोकळा आहे आणि बरोबरच्या दोन परदेशी प्राध्यापकांना निसर्गही पाहायचाय, इतिहासही. त्यातल्या एकांचे गुडघे दुखतात. मी याच शहरात राहतो आणि हिवाळ्यात बाहेरून आलेल्यांना फिरवण्याचं काम आवडीने अंगावर घेतो, म्हणून थेट सांगतो: शुक्रवारी दुपारी वेरूळ, शनिवारी अजिंठा. मध्ये तिसरं काही घुसडू नका.

हे मुद्दाम सांगतोय, कारण इथे आल्यावर कोणी ना कोणी तुम्हाला देवगिरी, खुलताबाद, घृष्णेश्वर, वेरूळ, मकबरा आणि पाणचक्की असा एका दिवसाचा फेरा सुचवेलच. त्यात कैलास लेण्याच्या वाट्याला जेमतेम पाऊण तास येतो. इतक्या लांबून आलेल्या माणसाला कैलास पाऊण तासात दाखवायचा, हे मला पटत नाही.

निसर्ग आणि इतिहास अशी वेगवेगळी ठिकाणं शोधायचीही इथे गरज नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचा हा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. वेरूळ, अजिंठा आणि देवगिरीचा तुटलेला कडा हे सगळं त्याच खडकातलं. पाहुण्यांना गाडीत बसल्या बसल्या एवढं सांगून ठेवा, पुढचं सगळं त्यांना वेगळ्या नजरेने दिसेल.

वेरूळ शहरापासून साधारण ३० किलोमीटर. वाटेत देवगिरी लागतो. चढायला जाऊ नका, त्यात अख्खी दुपार जाते. पण गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं खाली उतरा आणि डोंगराचा तळाचा भाग बघा. चढता येऊ नये म्हणून तो सगळ्या बाजूंनी भिंतीसारखा उभा तासलाय. यादवांची ही राजधानी. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीहून राजधानी हलवली ती इथेच.

वेरूळला अडीचपर्यंत पोहोचा. डिसेंबरात सहाच्या आतच सूर्य मावळतो आणि लेणीही सूर्यास्तालाच बंद होतात. एकूण ३४ लेणी आहेत: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. सगळी बघायचा हट्ट नको. आधी १० नंबरच्या लेण्यात, सुताराच्या झोपडीत, जा. तिथे छताला ओळीने फासळ्या दिसतात. लाकडी चैत्यगृहात, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनागृहात, वाशांचा भार पेलायला अशी रचना लागायची. दगडात तिचा काहीच उपयोग नाही, तरी कारागिरांनी ती जशीच्या तशी कोरली. पाहुण्यांना मान वर करून दोन मिनिटं ते बघू द्या.

मग तीन-साडेतीनला कैलास, म्हणजे १६ नंबर. लेण्याचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे हिवाळ्यातलं तिरकं ऊन दुपारी शिखरावर येतं आणि कोरीव काम उठून दिसतं. सकाळी हे मिळत नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, ८व्या शतकातलं हे काम. डोंगर वरून खाली कोरत आणलाय: आधी शिखर, शेवटी पाया. मागच्या उंच कातळावर छिन्नीचे घाव अजून दिसतात, ते नक्की दाखवा. जोत्याला पाठीवर मंदिर पेललेले हत्ती आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांच्या सोंडा तुटल्यात. मंडपाच्या बाहेर छताकडे पाहिलंत तर जुन्या गिलाव्याचे आणि रंगाचे तुकडे सापडतील. आज काळंभोर दिसणारं हे मंदिर एके काळी गिलावा देऊन रंगवलेलं होतं, हे ऐकून माणसं थबकतात. शेवटी बाहेर येऊन उजव्या अंगाची पायवाट धरून टेकडीवर चढा. वरून पाहिल्यावरच कळतं की हे बांधलेलं नाही, डोंगरातून मोकळं केलेलं आहे.

शनिवारी मात्र लवकर उठावं लागेल. अजिंठा १०० किलोमीटरवर आहे, गाडीने अडीच तास धरा आणि सहाला निघा. डिसेंबर म्हणजे शाळांच्या सहलींचे दिवस. दहानंतर मुलांच्या रांगाच्या रांगा येतात. मुलांनी यायलाच हवं, पण छोट्या अंधाऱ्या लेण्यात शंभर जण एकदम असले की कोणालाच काही दिसत नाही. खाजगी गाड्या फाट्यावरच थांबतात, तिथून लेण्यांपर्यंतचे चारेक किलोमीटर बसने जावं लागतं. त्यामुळे नऊला लेणी उघडताना दारात असायचं, तर तो वेळही हिशेबात धरा.

सुरुवातीलाच १ आणि २ नंबर करून घ्या. आत शिरल्यावर आधी काहीच दिसत नाही. चित्रं टिकावीत म्हणून उजेड मंदच ठेवलेला असतो आणि फ्लॅशला बंदी आहे. डोळे सरावेपर्यंत गप्प उभं राहायचं. मग पद्मपाणी या बोधिसत्त्वाचे झुकलेले डोळे दिसतात, हातातलं कमळ दिसतं. ही चित्रं ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. माती, भाताचं तूस आणि गवत यांच्या लेपावर चुन्याचा पातळ थर देऊन, तो सुकल्यावर रंगवलेली आहेत. त्यातला निळा रंग लाजवर्दी दगडाचा, तोही थेट आजच्या अफगाणिस्तानाकडून आलेला. १ नंबरमध्येच एका खांबावर चार हरणं आणि त्यांना मिळून एकच डोकं कोरलंय. कुठलंही हरीण बघा, डोकं त्याचंच वाटतं. पुढे १६ आणि १७, आणि २६ मधला महापरिनिर्वाणाचा निजलेला बुद्ध. १० नंबरचं लेणं इसवी सनापूर्वीचं. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली आणि त्याने तिथे स्वतःचं नाव कोरून ठेवलं. पाचव्या शतकातली लेणी वाकाटक राजघराण्याच्या काळातली, मुख्यतः त्यातल्या हरिषेण राजाच्या.

लेणी झाली की वाघूर नदीवरचा पूल ओलांडून पलीकडे जा आणि मागे वळून बघा. घोड्याच्या नालासारखी वळलेली दरी, एकावर एक चढलेले खडकाचे थर आणि त्यात ओळीने लेण्यांची तोंडं. पावसाळ्यातला हिरवेपणा डिसेंबरात नसतो, गवत पिवळं पडलेलं असतं, पण थर स्पष्ट दिसतात ते याच दिवसांत.

पाहुणे भूशास्त्राचे असतील तर माझं उत्तर थोडं बदलेल. मग शनिवारी लोणार. बुलढाणा जिल्ह्यातलं हे सरोवर उल्कापाताने बेसाल्टमध्ये पडलेल्या सुमारे १.८ किलोमीटर रुंदीच्या विवरात आहे. पाणी खारं आणि अल्कधर्मी. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं होतं, आणि त्याच वर्षी त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा, मिळाला. गावातलं दैत्यसूदन मंदिर चुकवू नका. एका बाजूचा प्रवासच तीन तासांहून जास्त आहे, म्हणजे त्या दिवशी दुसरं काही होणार नाही.

तुमचे वार जुळताहेत, पण परिषद पुढे-मागे झाली तर लक्षात ठेवा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. परदेशी पाहुण्यांचं तिकीट बरंच जास्त असतं. सार्क आणि बिमस्टेक या शेजारी देशांच्या गटांतल्या नागरिकांना मात्र भारतीयांचाच दर लागतो, म्हणून पासपोर्ट जवळ असू द्या. सकाळी निघताना स्वेटर हवा, अकरानंतर तो हातात येतो. अजिंठ्याला चित्रांच्या लेण्यांत चपला-बूट बाहेर काढावे लागतात आणि सकाळी फरशी बर्फासारखी गार असते, तेव्हा जाड मोजे घाला.

गुडघ्यांचं म्हणाल तर वेरूळला अडचण नाही, कैलासचं अंगण सपाट आहे. वरच्या टेकडीवर त्या प्राध्यापकांना नेऊ नका. अजिंठ्याला सुरुवातीलाच पायऱ्या आहेत. तिथे चौघांनी उचलायची डोली मिळते. पायथ्याशीच भाव ठरवून घ्या, आणि २६ नंबरपर्यंत नेऊन परत आणायचं आहे हे आधीच स्पष्ट सांगा.